चावी देण्याआधी

पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही शहरातल्या सोसायटीत संध्याकाळी खालून वर पाहिलं की दोन-चार खिडक्या वर्षानुवर्षं बंदच दिसतात. मालक परदेशात असतो, किंवा घर मुलासाठी घेऊन ठेवलेलं असतं, किंवा आई-वडिलांच्या पश्चात ते तसंच पडून असतं. भाड्याने का देत नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नको बाबा, एकदा माणूस आत शिरला की बाहेर निघत नाही." २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. त्या प्रत्येक कुलपामागे भीतीच होती असं नाही. कुठे ताबा रखडला होता, कुठे निव्वळ गुंतवणूक होती. तरी महाराष्ट्रात या भीतीचा वाटा मोठा आहे, आणि ती उगाच आलेली नाही.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतर जागांची टंचाई होती, भाडी भडकू नयेत हा हेतू रास्त होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या खोल्यांचं भाडं इतकं तुटपुंजं राहिलं की त्यातून इमारतीची डागडुजीसुद्धा निघेना. मालकांनी दुरुस्ती सोडली, व्यवहार पागडीवर गेले आणि पडायला आलेल्या इमारतींसाठी सरकारला १९६९च्या कायद्याने वेगळं दुरुस्ती मंडळ स्थापन करावं लागलं. यातून वाट काढण्यासाठी मालक 'लीव्ह अँड लायसन्स'कडे वळले. हा भाडेपट्टा नाही, फक्त राहण्याचा परवाना, अशी त्यामागची कल्पना. मग १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे चालू परवान्याने जागा होती, त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी म्हणून दिलेली घरं कायमची अडकली. आपल्या काका-मामांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि "भाड्याने दिलं की गेलं" हे वाक्य तिथून आपल्यापर्यंत आलं आहे.

मधल्या काळात कायदा मात्र बदलला, हे अनेक घरमालकांना ठाऊकच नसतं. ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. मुंबई-पुण्याकडचा जुना कायदा, विदर्भातला मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यातला हैदराबादचा कायदा, या तिन्हींच्या जागी राज्यभर हा एकच कायदा आला. आज घर भाड्याने देणाऱ्याने त्यातली निदान दोन कलमं समजून घ्यावीत: २४ आणि ५५. कलम २४ सांगतं की राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या जागेची मुदत संपली की परवानाधारकाने ताबा परत द्यायचा. नाही दिला तर मालकाने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायचे नाहीत, याच कामासाठी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदत संपल्यापासून घर रिकामं होईपर्यंत परवानाधारकाला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन, आपल्याला लढण्याजोगं कारण आहे हे दाखवून परवानगी घेतल्याशिवाय त्याला अर्जाला विरोधही करता येत नाही. लेखी करारात जे नमूद आहे ते त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानलं जातं. सामान्य घरमालकाच्या बाजूने इतकं स्पष्ट बोलणारी तरतूद फार थोड्या कायद्यांत सापडेल.

पण हे संरक्षण कागदाला आहे, तोंडी शब्दाला नाही. म्हणून कलम ५५. महाराष्ट्रात घर परवान्याने द्या नाहीतर भाड्याने द्या, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. भाडं दहा हजारच ठरलं होतं आणि मुदत पाच वर्षांची होती, असं तो म्हणाला तर ते खोडून काढण्याचं ओझं तुमच्यावर येतं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे करार नोंदवला असं समजणारे लोक मला अजूनही भेटतात. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी.

अकरा महिन्यांचं गणितही इथे एकदा सोडवून टाकू. केंद्राच्या १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. तो खर्च नको म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात कलम ५५मुळे एक महिन्याचा करारही नोंदवावाच लागतो, त्यामुळे इथे अकरा महिन्यांत कसलीही जादू नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. शाळेत जाणारी मुलं असलेलं कुटुंब येत असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करावा, दर वर्षाची वाढ त्यातच लिहावी. दर अकरा महिन्यांनी दलाली, टायपिंग, अंगठे हा सोहळा कशाला?

खर्चाचं म्हणाल तर लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क आहे ०.२५ टक्के. ते काढताना संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी येणारं व्याज, यांची बेरीज धरतात. वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर शुल्क सहाशे रुपयांच्या आसपास येतं. त्यावर नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. एजंटची सेवा धरूनही हा आकडा महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. आता सगळं ऑनलाइन होतं. आधारशी जोडलेला अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, फोटो काढतो, दोन साक्षीदारांचे अंगठे घेतो आणि काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. इथे एका गोष्टीवर डोळा ठेवावा. अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली असं नाही. मसुद्याला आधी नुसता टोकन क्रमांक मिळतो. दुय्यम निबंधकाने दस्त मंजूर केल्यावरच दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात येतो. तो पाहिल्याशिवाय चावी देऊ नये. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे अंगठे हवेत. वारसाहक्काने आलेलं घर चार भावंडांचं असेल तर चौघांचे, किंवा बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र.

माणूस कसा निवडायचा, हा खरा अवघड भाग. आपल्याकडे या कामाला जी चाळणी लावतात ती मला मनापासून चुकीची वाटते. बॅचलर नकोत, एकटी बाई नको, अमक्या जातीचे नकोत, तमक्या धर्माचे नकोत, मांस-मच्छी खाणारे नकोत. या चाळणीतून अन्याय तर होतोच, आणि भाडं वेळेवर येईल का या प्रश्नाचं उत्तरही मिळत नाही. कित्येक सोसायट्या सभेत ठराव करून अविवाहितांना बंदी घालतात. आदर्श उपविधींत त्याला आधार नाही, आणि असा ठराव मालकाचंच नुकसान करतो. आयटी पार्कजवळच्या सोसायटीत अविवाहितांना वगळलं तर तिथे उरणार कोण?

त्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. नोकरी कुठे, किती दिवसांपासून? घरात नेमके किती जण राहणार? किती काळासाठी जागा हवी आहे? आधीचं घर का सोडताय? पगाराची स्लिप किंवा बँकेचं खातं पाहायला लाजू नये. भाडं उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त होत असेल तर ओढाताण होणार, हे दोघांनीही आधीच ओळखलेलं बरं. आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलावं, पण सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्याला त्रासदायक माणूस निघून जावा असं वाटत असेल तर तो तोंडभरून स्तुती करील. त्याच्या आधीच्याला आता काहीच पडलेलं नसतं, तो खरं सांगतो. आणि घर पाहायला आलेला माणूस नळ सोडून पाण्याचा जोर पाहतो का, मेंटेनन्स कोण भरणार हे विचारतो का, तेही बघावं. बारकाईने विचारणारा भाडेकरू बहुतेक वेळा घर नीट ठेवतो. न पाहता हो म्हणणारा आणि आगाऊ रकमेची घाई करणारा मला धोक्याचा वाटतो.

पोलिसांना कळवणं हे दुसरं काम. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती देणं बंधनकारक करतात. ती दिली नाही तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर फोटो, आधार आणि कराराची माहिती भरली की पोच मिळते. ती जपून ठेवावी. परदेशी नागरिक ठेवत असाल तर त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांत वेगळ्या ऑनलाइन फॉर्मवर द्यावी लागते, आणि हा नियम चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यालाही लागू आहे.

सोसायटीला आगाऊ पत्र द्यावं आणि सोबत कराराची व पोलीस माहितीच्या पोचीची प्रत जोडावी. बिगर-वापर शुल्कावरून, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवरून, नेहमी वाद होतात. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सगळ्या मेंटेनन्स बिलाच्या नव्हे, फक्त सेवा शुल्काच्या. त्यात मालमत्ता कर येत नाही. सेवा शुल्क दोन हजार असेल तर हे शुल्क जास्तीत जास्त दोनशे. आई-वडील, मुलं, भावंडं अशी जवळची माणसं राहत असतील तर तेही लागत नाही. पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिका मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. सवलत चालू ठेवून भाडं घेत राहिलं तर पुढे थकबाकीची नोटीस येते. भाडं ठरवतानाच हा फरक हिशेबात धरावा.

डिपॉझिट किती घ्यावं? पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं चालतं, मुंबईत त्याहून जास्त. केंद्राने २०२१मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, पण तीन महिने हे दोन्ही बाजूंना परवडणारं प्रमाण आहे असं मला वाटतं. एक महिना नोटिशीचा, एक कोर्टकज्जा टाळण्यासाठीचा आणि एक मोडतोडीचा. 'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडं नाममात्र ठेवायची मुंबईतली पद्धत मालकांनी टाळावी. दहा लाख रुपये हातात आले की ते फ्लॅटच्या हप्त्यात, मुलीच्या लग्नात, कुठेतरी जातात. मग मुदत संपते, पैसे परत द्यायला नसतात, आणि पैसे मिळेपर्यंत भाडेकरू घर सोडत नाही. अशा वेळी तो चुकतोय असं म्हणता येत नाही. रक्कम कितीही असो, ती बँकेतून घ्यावी आणि करारात लिहिलेला आकडा तोच असावा. मुद्रांक शुल्काचे शंभर-दोनशे वाचवायला डिपॉझिट कमी दाखवलं तर वाद झाल्यावर दोघंही खोटे पडतात.

आता मी ज्यावर सर्वात जास्त भर देईन ते काम: चावी देण्याच्या दिवशी भाडेकरूबरोबर घरातून एक फेरी. घरमालक-भाडेकरूंची बहुतेक भांडणं ताब्यावरून होत नाहीत, डिपॉझिटमधून काय कापलं यावरून होतात. ओट्याला तडा होता का नव्हता, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. म्हणून सामान आत येण्याआधी, रिकाम्या घरात, दिवसाउजेडी दोघांनी फिरावं. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवावा आणि बोलत बोलत घ्यावा. दारापासून सुरुवात करायची: लॅच, कडी, पीपहोल, चाव्या किती. हॉलमध्ये भिंतीवर खिळे किती, पंख्याचा रेग्युलेटर चालतो का, खिडकीची जाळी फाटली आहे का. स्वयंपाकघरात ट्रॉल्या ओढून बघायच्या, सिंकखालच्या कपाटात हात फिरवून ओल आहे का पाहायची, चिमणीची जाळी काढून दाखवायची, गॅसच्या नळीची तारीख वाचायची. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघायचं. फ्लश दोनदा ओढायचा. गिझर चालू करून दहा मिनिटं थांबायचं. बेडरूमच्या खिडकीखाली पावसाळ्यात पोपडे धरत असतील तर ते लपवायला रंगाचा हात मारू नये. भाडेकरूला दाखवावं आणि कागदावर लिहावं: "खिडकीखाली ओल, जुनी." विजेच्या मीटरचा फोटो, त्यात आकडा आणि तारीख दिसेल असा. पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा. शेवटी फर्निचर आणि उपकरणांची यादी, प्रत्येकाची अवस्था एका शब्दात, खाली दोघांच्या सह्या. ही यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडता आली तर उत्तम. तासाभराचं काम आहे, आणि ते करताना भाडेकरूलाही कळतं की हा माणूस घराकडे लक्ष देणारा आहे.

दुरुस्ती कुणाची हेही त्याच दिवशी ठरवावं. आदर्श भाडे कायद्याच्या परिशिष्टात एक वाटणी दिली आहे, ती आपल्याकडे बंधनकारक नसली तरी करारात घ्यायला सोयीची आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींना रंग, नळाचे पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. वॉशर, तुंबलेली मोरी, बटणं-सॉकेट, कुलपं-मुठी, जाळ्या, काचा भाडेकरूकडे. तिथे गिझरची दुरुस्तीही भाडेकरूकडे टाकली आहे, ते मला पटत नाही. दहा वर्षं जुन्या गिझरची कॉइल भाडेकरू येऊन तीन महिन्यांत गेली, तर तिचा खर्च त्याने का सोसावा? अशा उपकरणांसाठी एक आकडा लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, एका वेळी पाचशे रुपयांपर्यंतचा खर्च भाडेकरूचा, वरचा मालकाचा. आणि विश्वासू प्लंबर-वायरमनचे नंबर त्याला देऊन ठेवावेत. त्याने आणलेला कुणीतरी टाइल फोडून पाइप शोधत बसण्यापेक्षा, तुमच्या घराचे पाइप माहीत असलेला माणूस गेलेला बरा.

ओलीची, गळतीची तक्रार आली तर आठवड्याच्या आत कुणाला तरी पाठवावं. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येणारी गळती सहा महिने तशीच राहिली तर नुकसान तुमच्याच स्लॅबचं होतं, भाडेकरू तर उद्या दुसरीकडे जाईल. मात्र घर आपलं असलं तरी त्यात आता दुसऱ्याचा संसार आहे. कायद्याने मालकाला पाहणीचा हक्क दिला आहे, पण आगाऊ कळवून आणि रास्त वेळी. दुसरी चावी जवळ आहे म्हणून त्यांच्या माघारी दार उघडून आत जाणं साफ चूक. तिन्हीसांजेला न सांगता जाऊन "सहज डोकावलो" म्हणणंही बरं नाही. सहा महिन्यांतून एकदा, दोन दिवस आधी फोन करून गेलं की पुरतं.

भाडं थकलं की कुणीतरी सल्ला देतंच, "पाणी तोड, लाइट तोड, आपोआप जाईल." हे कधीही करू नये. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा बंद करणं कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. सामान बाहेर काढणं, कुलूप बदलणं यातून तर फौजदारी प्रकरण उभं राहतं आणि बरोबर असलेला मालक आरोपी होऊन बसतो. थकबाकीचा मार्ग कंटाळवाणा पण सरळ आहे. ठरलेल्या तारखेनंतर पाचव्या दिवशी आठवण, पंधराव्या दिवशी लेखी मेसेज, दुसरा महिना उजाडला की वकिलाची नोटीस, आणि करारात "दोन महिने भाडं थकल्यास परवाना रद्द" ही अट आधीपासून असायला हवी. बहुतेक वेळा पंधराव्या दिवशीच बोलणं होतं. नोकरी गेली, आजारपण आलं, पगार लांबला, कारण खरं असतं. तेव्हा हप्ते ठरवून द्यावेत, तेही लिहून. घर रिकामं करून नवा माणूस आणायचा म्हटलं तरी महिना-दीड महिना घर बंद राहतं आणि दलाली वेगळी जाते, हे मालकाने विसरू नये.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी विषय काढावा: राहायचंय का, किती वाढ? राहायचं ठरलं तर नवा करार, नवी नोंदणी. "जुन्याच कराराची मुदत आपसांत वाढवली" असं व्हॉट्सअॅपवर ठरवून भाडं घेत राहणं, ही वर सांगितलेलं सगळं संरक्षण हाताने घालवायची सर्वात प्रचलित पद्धत आहे. आणि जायचं ठरूनही माणूस हललाच नाही, तर मुदतीनंतर येणारी रक्कम भाडं म्हणून स्वीकारू नये. ती भरपाईपोटी घेत आहोत आणि त्यामुळे परवाना वाढत नाही, हे लेखी कळवावं आणि लगेच कलम २४चा अर्ज करावा. निकाल हातात यायला काही महिने लागतातच, पण मार्ग उघडा असतो. दुकान किंवा ऑफिसची जागा असेल तर मात्र हे कलम लागू नाही. तिथे कोर्टाचाच रस्ता, म्हणून व्यापारी जागेचा करार वकिलाकडून करून घ्यावा.

कराचं ओझं बरेच लोक उगाच जास्त समजतात. समजा महिना पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख भाडं आलं, आणि तुम्ही बारा हजार मालमत्ता कर भरला. उरले २,८८,०००. त्यातून ३० टक्के, म्हणजे ८६,४०० सरळ वजा होतात, खर्चाची एकही पावती न दाखवता. करपात्र राहिले २,०१,६००. गृहकर्ज असेल तर त्याचं व्याज आणखी वजा होतं. भाडं महिना पन्नास हजारांहून जास्त असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४पूर्वी हा दर ५ टक्के होता.

मालक अनिवासी भारतीय असेल तर हिशेब वेगळा, आणि इथे पुष्कळ घोळ होतात. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाचं कोथरूडमधलं घर पंधरा हजारांनी जरी दिलं असलं, तरी भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापायला हवा. पन्नास हजारांची मर्यादा तिथे नाही. भाडेकरूला हे ठाऊक नसतं, मालक सांगत नाही, आणि नोटीस येते ती भाडेकरूला. म्हणून करारातच स्पष्ट लिहावं. जास्त कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, किंवा कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आधी घेता येतं. भाडं एनआरओ खात्यात जमा व्हावं. आणि इथल्या कामांसाठी भावाला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर त्यात "करार करणे, नोंदणी करणे, ताबा देणे-घेणे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे" हे शब्द असू द्यावेत. घर विकण्याचा अधिकार त्यात घालू नये.

घर सोडण्याच्या दिवशी पुन्हा तीच फेरी, तीच यादी हातात घेऊन. वापराने झालेली झीज आणि हयगयीने झालेली मोडतोड यांत फरक करावा. दोन वर्षांत रंग फिका होणारच, नळाची चकाकी जाणारच, त्याचे पैसे कापणं रास्त नाही. "सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी" ही प्रथा अनेक ठिकाणी आहे. घ्यायचं असेल तर ते करारात आधी लिहिलेलं असावं, आणि मग खरोखर रंग द्यावा. फुटलेलं बेसिन, उपटलेली ट्रॉली, जळलेला ओटा यांचे पैसे जरूर घ्यावेत, मिस्त्रीचं अंदाजपत्रक दाखवून. हिशेब एका कागदावर मांडावा: डिपॉझिट ७५,०००, शेवटचं वीजबिल १,८४०, बेसिन ३,२००, परत ६९,९६०. खाली दोघांच्या सह्या. चाव्या हातात आल्या की त्याच वेळी पैसे खात्यात वळते करावेत. "नवा भाडेकरू आला की देतो" हे म्हणू नये. ते पैसे त्यांचेच आहेत, आणि बहुधा त्यांना तेच पुढच्या घराच्या डिपॉझिटसाठी लागणार असतात.

वीजबिलाची थकबाकी जोडणीवर राहते, भाडेकरूबरोबर जात नाही, म्हणून मीटरचा आकडा त्याच दिवशी टिपून शेवटचं बिल काढून घ्यावं. त्यांनी पाइप गॅस, इंटरनेट स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर ते बंद केल्याची पोच मागावी. सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला घर रिकामं झाल्याचं कळवावं, लॅच बदलून घ्यावा, आणि करार, यादी, हिशेब व दोन्ही वेळचे व्हिडिओ निदान तीन वर्षं एकाच ठिकाणी जपून ठेवावेत, कारण पैशाचा दावा करायला कायद्यात साधारण तितकीच मुदत असते.